डायलिसिसच्या खोलीतलं पाणी

भूकंप झाला त्या वर्षी मी नर्सिंगचं शिक्षण संपवून लातूरच्या एका दवाखान्यात नुकतीच कामाला लागले होते. पहाटे अंधारात फडताळातली भांडी धडाधड खाली आली, आम्ही सगळे रस्त्यावर पळालो, आणि उजाडल्यावर कळलं की औशाच्या पलीकडं गावंच्या गावं बसली आहेत. दवाखान्यातून एक जीप निघाली. तिच्यात मी होते आणि एमडी होऊन नुकतेच रुजू झालेले एक डॉक्टर होते. पुढं माझी सगळी नोकरी त्यांच्याच हाताखाली झाली. आम्ही त्यांना सर म्हणायचो.

शाळेच्या मैदानावर तंबू ठोकून तात्पुरता दवाखाना उभा केला होता. वरून पाऊस. त्या भागातली घरं माळवदाची, दगडमातीच्या रुंद भिंतींची. झोपलेल्या माणसांवर त्याच भिंती बसल्या होत्या. हाडं मोडलेली, डोकी फुटलेली माणसं एकामागून एक येत होती. त्यांच्यात प्राथमिक शाळेचे एक गुरुजी होते. कमरेखालचं अंग भिंतीत अडकलेलं, लोकांनी हातानं दगड उपसून त्यांना काढलं होतं. पाय सुजले होते, पण रक्त नाही, मोडतोड नाही. बोलणं अगदी स्वच्छ. त्यांनी खिशातला चष्मा काढून माझ्याकडं दिला आणि पुसून मागितला. तो फुटला नव्हता याचं त्यांनाच नवल वाटत होतं. मग म्हणाले, आपल्या वर्गातली कोण कोण मुलं इथं आणलीत ते जरा बघून या. मी तंबूंमधून फिरून आले आणि जी होती तेवढ्यांचीच नावं सांगितली. त्यांनी ती बोटांवर मोजली.

आम्हाला वाटलं, हे वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांची लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली, आणि मग बंदच झाली. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की स्नायू दबून चेंगरले की त्यांच्यातलं विष रक्तात उतरतं आणि किडनी बंद पडते. रक्त धुऊन काढणारं यंत्र मिळालं तर माणूस उठून घरी जातो. तसं यंत्र तेव्हा आमच्या भागात नव्हतं. सर स्वतः गुरुजींना गाडीत घालून सोलापूरच्या रस्त्याला लागले. परत आले तेव्हा मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "रस्त्यातच गेले." हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि पुढच्या पेशंटकडं वळताना एवढंच बोलले, "भिंतीखालून जिवंत निघालेला माणूस, सिस्टर. यंत्राच्या वाटेवर गेला."

त्यानंतर काही वर्षांनी सर बाहेरगावी जाऊन किडनीच्या आजारांचं शिक्षण घेऊन आले. दवाखाना एका ट्रस्टचा होता. विश्वस्तांच्या मागं लागून सरांनी वरच्या मजल्यावर डायलिसिसचा विभाग सुरू करवला, आणि मला शिकायला पाठवलं. रक्ताच्या नळ्या जोडणं, यंत्र लावणं, यंत्राला लागणारं पाणी शुद्ध करणारा आरओ सांभाळणं, हे सगळं मी तिथं शिकले.

तोवर लातूर ओळखू येईना झालं होतं. डॉक्टर-इंजिनियर व्हायला चार जिल्ह्यांतली पोरं इथं येऊन राहायला लागली. आमच्या दवाखान्यामागची ज्वारीची रानं बघता बघता होस्टेलांनी भरून गेली. घराघरावर ‘रूम भाड्याने देणे आहे’च्या पाट्या, गल्लीगल्लीत खानावळी. तशीच एक खानावळ आमच्या समोरच्या बोळात होती. ती चालवणाऱ्या काकू मूळच्या रेणापूरकडच्या. नवरा लवकर गेलेला, मुलीचं लग्न करून दिलेलं, मुलगा हाताशी. दिवसभर चुलीपुढं उभ्या राहायच्या आणि डोकं दुखलं की दुकानातून गोळी आणून घ्यायच्या. ते डोकं ब्लडप्रेशरनं दुखत होतं हे कळलं तेव्हा दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. त्या पहिल्यांदा आमच्याकडं आल्या त्या सुजलेल्या तोंडानं, पदराला पिठाचे हात पुसत.

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा येऊन तासन्‌तास पडून राहणं. काकूंना पडून राहणं जमायचं नाही. एका हाताला सुया टोचलेल्या, म्हणून दुसऱ्या हातानं शेंगा सोलायच्या, लसूण निवडायच्या. सर रागवायचे, तेवढ्यापुरतं परडी पलंगाखाली सरकवायच्या. माझी त्यांची मैत्री झाली ती वीज गेल्यावर. तेव्हा लोडशेडिंग फार होतं. जनरेटर चालू व्हायला वेळ लागला की रक्ताचा पंप हातानं फिरवावा लागतो, नाहीतर माणसाचं रक्त नळीत गोठतं. मी काकूंच्या यंत्राचा दांडा फिरवत होते आणि त्या माझ्याकडं बघत होत्या. "दळण दळल्यावानी करायलाव," म्हणाल्या. त्या खोलीत मी पहिल्यांदा हसलेली मला आठवते.

तो जनरेटर पुरुषांच्या वॉर्डाच्या खिडकीखाली होता. तो सुरू झाला की डिझेलचा धूर सरळ दम्याच्या पेशंटांकडं जायचा. सरांना ते फार लागायचं. आपणच धूर करायचा आणि आपल्याच पेशंटला दम्याचा पंप ओढायला द्यायचा, हा कसला दवाखाना, असं ते म्हणायचे. पण तेव्हा दुसरा काही इलाज नव्हता.

मग पाऊस रुसला. आधी एक वर्ष, मग दुसरं. मांजरा नदीवरचं धरण कोरडं पडलं, शहराचे नळ बंद झाले. दवाखान्याचे दोन्ही बोअर आटले. तिसरा खणला, त्यातून नुसता फुफाटा वर आला. टँकर येई तेव्हा येई. शाळा-क्लासेस होते, पण पोरांना अंघोळीला पाणी नव्हतं. होस्टेलवाल्यांनी हात टेकले आणि पोरं ट्रंका उचलून गावाकडं गेली. काकूंची खानावळ बंद पडली, कारण ताटं विसळायची कशानं. पुढं रेल्वेनं शहराला पाणी आलं, पण त्याआधीचे दिवस मी विसरणार नाही. घरी पहाटे टँकरपुढं घागरी लावायच्या, मिळालं तेवढं भरून ठेवायचं आणि ड्यूटीवर यायचं, असं आम्हा सगळ्यांचंच चाललं होतं.

उन्हाळा वर चढत गेला तसा दवाखाना भरायला लागला. ऊन लागलेली माणसं, गढूळ पाण्यानं जुलाब झालेली लेकरं. गरज वाढत होती आणि पाणी कमी होत होतं. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया सरांनी पुढं ढकलल्या, चादरी दिवसाआड धुवायला घेतल्या. तरी पुरेना. तेव्हा ट्रस्टची बैठक बसली, आणि डायलिसिसची माहिती द्यायला मलाही बोलावलं.

ट्रस्टचे अध्यक्ष वयस्क होते, माणूस सरळ. ते म्हणाले, डायलिसिसला लागणाऱ्या पाण्यात खालचे वॉर्ड चालतात. तुमचे पेशंट मूठभर आहेत. नांदेडला गोदावरी आहे, तिथं अजून पाणी आहे. पाऊस पडेपर्यंत त्यांना तिकडं पाठवा आणि इथला विभाग बंद ठेवा. ते बोलणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. खालच्या वॉर्डातली लेकरं मी रोज बघत होते.

सरांनी पेशंटांची यादी पुढं ओढली. मग म्हणाले, "ज्यांचे नातेवाईक नांदेडला आहेत त्यांना मी आजच पाठवतो. पण बाकीच्यांना या उन्हात दिवसाआड एसटीनं तिकडं जाऊन परत यायला लावलं, तर ते वाटेत मरतील. मी एकदा असं माणूस वाटेत घालवलंय." अध्यक्षांनी आठवडाभराची मुदत दिली.

त्या आठवड्यातली एक दुपार. मी आरओच्या खोलीत फिल्टर बदलत होते. आरओ पाणी शुद्ध करतो तेव्हा सगळंच पाणी यंत्राकडं जात नाही. जे क्षार गाळून बाहेर टाकायचे ते बरोबर पाणी घेऊन जातात, आणि तो मोठा हिस्सा एका पाइपातून मोरीत सोडून देतात. सगळीकडं हीच पद्धत होती. मला शिकवलं होतं तेव्हाही तो पाइप मोरीतच होता. त्या दिवशी मी घरून निघताना शेजारणीशी एका कळशीवरून भांडून आले होते. कानात ते भांडण होतं आणि समोर मनगटाएवढी धार मोरीत चालली होती. मी फिल्टर तसाच ठेवला आणि सरांना बोलावून आणलं.

सर आले, धारेखाली ओंजळ धरली, जिभेला लावलं, थुंकलं. "खारट आहे," म्हणाले, "पण घाण नाही. पेशंटपर्यंत पोचायच्या आधीच हे बाजूला निघतं." नमुना तपासायला गेला. पिण्याजोगं नाही, पण फरशी, संडास, धुणं यांना चालेल असा निकाल आला. संडास आणि धुणं यांनाच तर सगळ्यात जास्त पाणी लागत होतं.

पाइपाचं काम करायला जुन्या लातुरातले एक मिस्त्री आले. त्यांच्या घरात वडिलांपासून नळजोडणीचा धंदा. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. सगळ्या गावाला नळ बसवले आणि आज माझ्याच घरचा नळ कोरडा आहे, असं सांगत त्यांनी काम सुरू केलं. मोरीतला पाइप उचलून गच्चीवरच्या एका रिकाम्या टाकीला जोडला, तिथून वेगळी लाइन खाली संडासांना आणि धुण्याच्या हौदाला आणली. उन्हात पाइप हाताला चटके देत होते, पण त्यांनी ते लांबवलं नाही. टाकी भरली त्या दिवशी टँकरची एक खेप वाचली.

आणि मग खाली बोलणं सुरू झालं. डायलिसिसच्या खोलीतून पाणी येतंय, म्हणजे ते रक्त धुतलेलं पाणी आहे. कुणाच्या अंगातलं विष त्याच्यात आहे. बाळंतिणींच्या नातेवाईक बायांनी संडासात जायचं सोडलं. धुणं धुणाऱ्या बाईनं चादरी हौदाशेजारी तशाच ठेवल्या आणि दारात येऊन उभी राहिली. मी समजावलं, सरांनी समजावलं. ती हात जोडून म्हणाली, "म्या ल्हान लेकरांची माय हाय, मला ह्यात घालू नका." एका पेशंटच्या नातेवाईकानं अध्यक्षांना फोन केला. मुदत संपत आली होती.

काकू डायलिसिसला आल्या तेव्हा त्यांच्या कानावर हे आधीच गेलं होतं. बोळातल्या बाया तेच बोलत होत्या. सुया काढून झाल्यावर त्या नेहमीसारख्या जिन्यानं खाली गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, ती खोली दावा. मी त्यांना आरओ दाखवला, कुठून पाणी येतं, कुठली नळी यंत्राकडं जाते, कुठली गच्चीवर जाते, सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग माझ्या खांद्याला धरून हळूहळू खाली उतरल्या, त्या थेट हौदापाशी. तिथं धुणंवाली होती, बाळंतिणींच्या बाया होत्या. काकूंचा एक हात पट्टीत बांधलेला. दुसऱ्या हातानं त्यांनी हौदातलं पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. मान धुतली. पदर ओला करून डोळे पुसले.

"हे पानी माझ्या अंगात गेलंच न्हाई," त्या म्हणाल्या, "तर माझं रगत ह्याच्यात यील कुटून? माझ्याकडं जातंय ते येगळं, हे येगळं. मला बी लेकरं हायती."

त्या तिथंच हौदाच्या कट्ट्यावर बसून राहिल्या, कारण डायलिसिसनंतर त्यांना चक्कर यायची. थोड्या वेळानं धुणंवालीनं पहिली चादर पाण्यात टाकली.

त्यानंतर एकदम सगळं सुरळीत झालं असं नाही. काही जणी पुढंही बाहेरूनच पाणी आणत राहिल्या. पण विभाग बंद झाला नाही. अध्यक्ष स्वतः येऊन खोली बघून गेले, जाताना धारेखाली हात धरला, आणि बैठकीचा विषय पुन्हा निघाला नाही. नांदेडला गेलेल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ तिकडंच वारले, त्यांच्या हृदयानं साथ सोडली. इथले बाकीचे पावसाळा बघू शकले.

त्या दुष्काळानं सरांना झपाटलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते गच्चीवर दिसायचे. गच्चीला पांढरा चुना मारून घेतला, त्यानं वरचे वॉर्ड उन्हाळ्यात जरा सुसह्य झाले. छताचं पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायची सोय भाईंनीच करून दिली. देणगीदार गाठून सौरपट्ट्या बसवल्या, आणि पुरुषांच्या वॉर्डाखालचा जनरेटर क्वचितच सुरू व्हायला लागला. मागच्या अंगणात कचरा जाळायचा खड्डा होता, तो बुजवला. ट्रस्टमधले काही जण कुरकुरायचे, की डॉक्टरांनी औषध द्यावं, गवंडीकाम कशाला. सर म्हणायचे, "दुष्काळ दारात आला की पेशंट वाढतात आणि दवाखाना बंद पडतो. दोन्ही एकदमच होतं. मी त्याचंच औषध करतोय."

आम्ही सगळी तयारी कोरड्या वर्षाची केली होती.

काही वर्षांनी आलं ते ओलं वर्ष. भाद्रपद होता. काकूंच्या मुलीनं नांदेडच्या पलीकडं भोकरकडच्या एका खेड्यात नवं घर बांधलं होतं, आणि त्या घरात पहिल्यांदा महालक्ष्म्या बसणार होत्या. काकूंना जायचं होतं. सरांनी आधी नको म्हटलं, मग नांदेडच्या डॉक्टरांशी बोलून तिथं त्यांच्या डायलिसिसची वेळ ठरवून दिली. काकू नवं लुगडं नेसून मला भेटायला आल्या. "सोळा भाज्या करायच्या हायती," म्हणाल्या. मी म्हटलं, करा, पण खाऊ नका. त्या हसल्या.

महालक्ष्म्या जेवल्या आणि त्याच दिवसापासून पाऊस कोसळायला लागला. तसा पाऊस आमच्याकडं पूर्वी पडत नसे. महिन्याचं पाणी एका दमात. गावाजवळच्या नदीनं पूल पोटात घेतला. नांदेडला जायची वाट बंद झाली. काकूंच्या मुलीनं मला फोन केला. मी सांगितलं, पाणी घोटाघोटानं द्या, फळं नको, शहाळं तर अजिबात नको, पालेभाजी नको, त्यांतलं पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदय बंद पडतं. सरांनी तहसीलला फोन लावले, नांदेडला लावले. सगळीकडंच लोक अडकले होते, बोटी माणसं काढत फिरत होत्या. पुन्हा फोन आला तेव्हा मुलगी म्हणाली, "सिस्टर, आईचे पाय जड पडून राहिले. जीभ बी अडखळून राहिली." मी विचारलं, बोलतील का? फोनवर काकू आल्या. श्वास लागलेला होता. म्हणाल्या, "घर लई चांगलं बांधलंय पोरीनं. तुमी या एकदा."

पाणी जरा उतरलं तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून पुलावरून काढलं. पलीकडं जीप उभी होती. नांदेडला पोचल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी यंत्र तयार ठेवलं होतं. पण नळ्या जोडायच्या आतच त्यांचं हृदय थांबलं.

सरांना मीच सांगितलं. ते ओपीडीत होते. समोरच्या पेशंटचं तपासून झालं, तो बाहेर गेला, आणि सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर पाऊस चालूच होता. मग मी पुढच्या पेशंटला आत घेतलं.

काकूंच्या मुलीच्या घरी मी नंतर गेले. घर खरंच चांगलं होतं. ओट्यावर हवा होती. मुलीनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि आईनं सणाला केलेलं चिंचगुळाचं पंचामृत अजून थोडं होतं ते वाढलं.

त्या पावसानंतर आम्ही एक गोष्ट सुरू केली, ती आजही चालू आहे. नदीपलीकडच्या गावांतले आमचे जे पेशंट आहेत त्यांना मोठ्या पावसाचा इशारा आला, की आभाळ उघडं असतानाच फोन करून शहरात बोलावून घ्यायचं. विभागाशेजारच्या हॉलमध्ये खाटा टाकल्या आहेत. पाऊस ओसरेपर्यंत त्यांनी तिथंच राहायचं. कधीकधी पाऊस पडतच नाही. मग लोक चिडतात, रान सोडून उगाच आलो म्हणतात. मी निवृत्त झाले, पण हे फोन अजून मीच करते, कारण त्यांना माझा आवाज ओळखीचा आहे.

गेल्या पावसाळ्यात निलंग्याकडचा एक पेशंट मला फोनवर म्हणाला, "बाई, हितं कडक ऊन पडलंय, आन्‌ तुमी पुराचं बोलायलाव."

मी म्हटलं, "हाव, ऊन आहे तोवरच निघा."

तो कुरकुरत का होईना, दुपारच्या एसटीनं आला.